अंबाजीची कंपनी वाढते

माझा मावसभाऊ अंबाजी मला कधीच आवडला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की सिद्धरामच्या पोटात दुखत होतं म्हणून त्यानं असं लिहिलं. दुखत नव्हतं. मन्नाएखेळ्ळीला हायवेवर माझं पाइप-मोटारींचं दुकान आहे, ते बरं चालतं, आणि अंबाजीकडे जे होतं त्यातलं मला काहीही नको होतं. त्याच्याकडे गळ्यात अडकवायचं एक ओळखपत्र होतं, छातीवर कंपनीचं नाव शिवलेलं एक जाकीट होतं, आणि तोंडात ‘आम्ही’ हा शब्द होता.

‘आम्ही’ म्हणजे तो, त्याची बायको जगदेवी आणि त्याची आई, म्हणजे माझी सुभद्रामावशी, असं कुणालाही वाटेल. तसं नव्हतं. ‘आम्ही’ म्हणजे सातासमुद्रापलीकडची एक कंपनी. तिकडच्या मास्तरांनी आणि नर्सबायांनी म्हातारपणासाठी साठवलेला पैसा घ्यायचा आणि जगभर गुंतवायचा, हा तिचा धंदा. कुठं बंदर, कुठं जंगल, कुठं रस्ता, आणि आमच्या वाडीमागच्या तांबड्या माळावर सोलरच्या प्लेटा. एवढ्या अवाढव्य कारभारात अंबाजीचं काम काय, तर प्लेटांभोवतीचं कुंपण शाबूत आहे का बघायचं आणि गावातलं कुणी ओरडलं तर त्याला गप्प करायचं. पण हा टपरीवर बसून सांगायचा, "काल आमी एक विमानतळ घेतला." त्या दिवशी त्याच्या घरचा गॅस संपला होता आणि जगदेवी माझ्या बायकोकडे टाकी मागायला आली होती. विमानतळाच्या मालकीणबाईला आम्ही टाकी दिली.

या माणसानं त्याआधी एकही काम धड केलं नव्हतं. बीदरला बी.ए.ला बसला तो बसलाच, उठलाच नाही. मग गुडघेदुखीवरच्या लोहचुंबकाच्या चपला विकल्या. मग पिकावर फवारायचं हिरवं टॉनिक आणलं. त्यानं तुरी माणसाच्या वर गेल्या आणि शेंग म्हणून धरली नाही. लोक शोधायला लागले तेव्हा हा हैदराबादला जाऊन इंग्रजी बोलायचा क्लास करत होता. इंग्रजी मात्र त्याला आलं, हे मान्य करतो. लाज शिकवायची त्या क्लासमध्ये सोय नसावी.

त्याला एकच गोष्ट मनापासून हवी होती. लोकांनी आपल्याला मान देऊन बोलावं, खुर्ची पुढे करावी, कपबशीत चहा द्यावा. आमची माणसं मूळची मेंढपाळ. आता कुणी शेतीत, कुणी रोजानं, कुणी माझ्यासारखं दुकानात. वाडीत मेंढरं उरली ती एकट्या सुभद्रामावशीकडं. अंबाजीला त्या वासाची लाज वाटायची. दारात कुणी पँटवाला आला की आईला सांगायचा, "मेंढरं मागल्या अंगानं ने की." आणि गाव त्याला ‘अंब्या’ म्हणायचं ते त्याला काट्यासारखं सलायचं. मावशी तर पन्नास माणसांत हाक मारायची, "अंब्या, ये की रं गिळायला!" हा कानकोंडा व्हायचा. मला तेव्हा फार बरं वाटायचं.

तर सोलर. आधी हैदराबादची एक कंपनी माळ भाड्यानं घ्यायला आली. तिला इंग्रजी, कन्नड, मराठी, हिंदी असं सगळं बोलणारा आणि कुठल्याच भाषेत खरं न बोलणारा माणूस हवा होता. अंबाजी आयताच सापडला. त्यानं दारोदार फिरून माळ गोळा करून दिला. शेवटी एक तुकडा अडला. त्यात कुंटा होता, म्हणजे आमचं छोटं तळं. होळीनंतर आसपासचे ओढे कोरडे पडले की मेंढरांना पाणी तेवढंच. तुकडा आमच्याच चार घरांचा, आणि त्या घरांचा शब्द राघोबाअप्पांच्या तोंडात. अप्पा म्हणजे वाडीतले सगळ्यात वडील, डोळ्यांना कमी दिसतं पण माणूस बरोबर दिसतो.

अप्पा म्हणाले, "जमीन घ्या. पर कुंट्याची वाट मेंढरांला उघडी ऱ्हावी."

"लिहून घ्या की अप्पा," मी म्हटलं.

"कागद त्येंचा, वकील त्येंचा, त्यात आपलं काय हाय? मोठ्या साहेबाला आणा. मैलाराम्होरं बेलभंडारा उचलू द्या त्याला. मग सही."

आमच्यात हे असंच चालतं. तळहातावर मैलाराचा, आमच्या खंडोबाचा, भंडारा, म्हणजे हळद, त्यावर बेलाचं पान, आणि तोंडानं शब्द. भावाभावांच्या वाटण्या अशा झाल्यात, चोरीला गेलेले बकरे असे परत आलेत. खोटा भंडारा उचलला तर घर बसतं, दिवा लावायला माणूस राहत नाही. आमच्या वाडीचा कोर्टापेक्षा यावर भरवसा जास्त, आणि कोर्ट बघितलेल्या माणसाला त्यात हसण्यासारखं काही सापडणार नाही.

नेमकी त्याच वेळी ती सातासमुद्रापलीकडची कंपनी हैदराबादची कंपनी विकत घेत होती. तिचा मोठा साहेब माळ बघायला आला. हॅरल्ड नाव. उंच, उन्हानं गाजरासारखा लाल झालेला, डोक्यावर टोपी, जो दिसेल त्याला नमस्कार. माळाच्या कडेला मैलाराचं बुटकं देऊळ आहे, तिथं सगळी वाडी जमली. अप्पांनी भंडारा साहेबाच्या ओंजळीत घातला, वर बेलाचं पान ठेवलं आणि शब्द सांगितला. मधे अंबाजी. तो साहेबाकडं वळून इंग्रजीत काहीतरी बोलला. साहेब खूश झाला, मान डोलवत बरंच काही बोलला. अंबाजी आमच्याकडं वळला आणि भरल्या आवाजात म्हणाला, "साहेब म्हनलेत, माझ्या जिवात जीव हाय तवर कुंट्याची वाट बंद हुनार न्हाई."

"येळकोट येळकोट!" सगळे ओरडले. साहेबानंही हात वर केला. मग खिशातून पांढरा रुमाल काढून हात पुसले, आणि मावशीबरोबर फोटो काढला. माझं इंग्रजी मोटारीच्या खोक्यावरचं वाचण्यापुरतं; मलाही सगळं झकास वाटलं. दुसऱ्या दिवशी चार घरांनी सह्या केल्या, आणि अंबाजीला ओळखपत्र आणि जाकीट मिळालं.

तिथून कंपनी वाढायला लागली, आणि अंबाजी तिच्याबरोबर. गेटवरचा बोर्ड दर साल-दीड सालाला बदलायचा. या कंपनीनं ती गिळली, त्या दोघींना तिसरीनं गिळलं, नाव लांबत गेलं. नव्या बोर्डाखाली अंबाजी फोटो काढायचा आणि पेढे वाटायचा. "आता आमी दुनियेतल्या मोठ्या कंपन्यांत आलो," म्हणायचा. कुणाच्या लग्नात जेवायला बसला तरी ओळखपत्र गळ्यात. एकदा ते आमटीत बुडालं, पुसलं आणि पुन्हा अडकवलं. भर वैशाखात जाकीट घालून हिंडायचा आणि घाम पुसत विचारायचा, "काय सिद्धराम, तुझं दुकान तितंच हाय का अजून?" मी म्हणायचो, हायवे हलला नाही, त्यामुळं दुकानही तिथंच आहे.

गंमत अशी की कंपनी जसजशी वाढत होती तसतसा अंबाजी तिच्यात बारीक होत होता. आधी त्याला गेटाशेजारी खोली होती. मग खोलीत कॅमेऱ्यांच्या मशिनी आल्या आणि त्याला बाहेर एक खुर्ची दिली. मग पहारेकरी परराज्यातून आले, त्यांनी खुर्चीही घेतली. हॅरल्डसाहेब नोकरीतून निवृत्त झाला, त्यानंतरच्या कुणाला अंबाजी कोण हे माहीतही नव्हतं. हा मात्र उभ्यानं सांगत होता की ब्राझीलमध्ये आम्ही जंगल घेतलं.

दोन उन्हाळ्यांमागं कुंट्याच्या गेटला कुलूप लागलं. वरून हुकूम आला होता म्हणे, जगातल्या सगळ्या प्रकल्पांना एकच नियम, आत जनावर नको. मावशी नेहमीसारखी सकाळी मेंढरं घेऊन गेली तर गेट बंद. तारेपलीकडं पाणी दिसतंय, मेंढरं तारेला तोंड लावून ओरडतायत, आणि पहारेकरी हिंदीत सांगतोय की मांजी, मना है. मावशीनं दुपारपर्यंत वाट बघितली आणि मेंढरं परत वळवली. त्या दिवसापासून तिचा लांबचा फेरा सुरू झाला, हायवे ओलांडून पलीकडच्या ओढ्यापर्यंत. हायवेवर ट्रकनं तिची दोन मेंढरं चिरडली. तिच्या वयाला तो फेरा झेपत नव्हता, आणि मेंढरं गेली तर ती जगणार कशावर नव्हे, कशासाठी, हा प्रश्न होता.

मी त्याला दुकानात गाठलं. "अंब्या, आईची वाट बंद केलास आन् गप बसलास?"

"पॉलिसी हाय. आमाला जगाचा इचार करावा लागतंय." आणि लगेच मोबाइलवर फोटो दाखवला. परदेशातला कुठला तरी प्रकल्प, हिरवंगार गवत, सोलरच्या प्लेटांखाली गुबगुबीत पांढरी मेंढरं चरतायत. "बघ, तिकडं आमी गवत कापायला मशीन लावत न्हाई. मेंढरंच ठिवलोत."

मावशी तिथंच बसली होती. तिनं फोटो निरखून बघितला. "मग हितं कामून न्हाई?"

"ती पॉलिसी येगळी हाय, आई."

इतका निर्लज्ज माणूस मी दुसरा बघितला नाही.

पण मावशीचा राग अंबाजीवर नव्हता. हॅरल्डसाहेबावरही नव्हता. तिला त्या साहेबाची काळजी लागली होती! भंडारा उचलून शब्द मोडला, आता त्याच्या घरावर काय येईल, त्याची लेकरंबाळं असतील, कुणाचं काय होईल. वाडीत कुणीच तक्रार केली नाही, अर्ज दिला नाही, बीदरला जाऊन कुठल्या ऑफिसात आवाज केला नाही. कशाला करायचा? शब्द मैलारानं ऐकलाय, तो बघून घेईल, असं सगळे धरून बसले. आणि मावशी साहेबाच्या वाटणीची क्षमा मागायला खानापूरच्या मैलाराला गेली. उपाशी राहून, नारळ फोडून, "त्यो परमुलखाचा हाय देवा, त्याला कळलं नसंल," असं म्हणून आली. तिला तिथं नेलं कुणी? अंबाजीनं. स्वतः मोटारसायकलवर मागं बसवून. देवळात हातही जोडले म्हणे त्यानं. आई खरोखर कुणाच्या पापापायी उपास करतेय, हे जगात फक्त त्याला माहीत होतं, आणि परतताना त्यानं तिला उसाचा रस पाजला.

या वर्षी शिमग्यानंतर बेंगळुरूहून एक मॅडम प्रकल्प तपासायला आल्या. तरुण, कन्नड छान, बोलायला साध्या. मावशी गेटावर मेंढरं घेऊन उभी राहिली. मी आणि राघोबाअप्पा बरोबर होतो. मावशीनं कन्नडमध्ये सगळं सांगितलं, भंडाऱ्यापासून खानापूरपर्यंत. मॅडम गोंधळल्या. असा शब्द दिल्याचं आमच्याकडं कुणालाच ठाऊक नाही, म्हणाल्या. अंबाजी मधेमधे करत होता, "मॅडम, ओल्ड पीपल, मॅडम, इमोशनल." पण त्या बाईनं त्याला हातानं थांबवलं. हॅरल्डसाहेबाचा नंबर त्यांच्याकडं होता. तिथंच उभ्या उभ्या त्यांनी व्हिडिओ फोन लावला.

साहेब आपल्या बागेत बसला होता. म्हातारा झाला होता. मावशीला बघून त्याला इतका आनंद झाला की खुर्चीतून उठला. तो बोलायचा आणि मॅडम कन्नडमध्ये सांगायच्या. तो म्हणाला, या आजींना मी विसरलो नाही, तुम्ही सगळ्यांनी माझं किती सुंदर स्वागत केलं होतं. आणि आत जाऊन तो रुमाल घेऊन आला. पांढरा रुमाल, त्यावर आमच्या भंडाऱ्याचा पिवळा डाग. आठवण म्हणून धुतला नाही म्हणे. "वेलकम, वेलकम," म्हणत तो रुमाल हलवत राहिला.

मॅडमनी शब्दाचं विचारलं. साहेबाच्या चेहऱ्यावरचं हसू थांबलं. कसला शब्द? तुमच्या त्या अंबाजीनं सांगितलं होतं, पाहुण्याला इथं हळद देऊन वेलकम करतात, हातात घ्या, दोन गोड शब्द बोला आणि हसा. मी म्हणालो, तुमचा माळ फार सुंदर आहे. पाण्याचं, वाटेचं मला कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर मी तसा शब्द दिलाच नसता, तो माझ्या हातातच नव्हता.

फोन बंद झाला. कुणी काही बोललं नाही. मेंढरं तेवढी तारेला तोंड लावून ओरडत होती.

पहिल्यांदा मावशी बोलली. "म्हंजे त्या साहेबावर काय पाप न्हाई," ती म्हणाली, आणि खरंच तिच्या तोंडावर सुटल्यासारखं दिसलं. मग तिला पुढचं उमगलं. ती हळूहळू अंबाजीकडं वळली.

मॅडम म्हणाल्या, तुम्हाला फसवून सह्या घेतल्या असं यातून दिसतंय, तर मी हे वर कळवते. पण त्या दिवशी साहेबांना खरं सांगितलं नव्हतं, हे अंबाजींनीच कबूल केलं तर गेटाचं काही बोलता येईल. म्हणजे गेटाची किल्ली त्या घटकेला अंबाजीच्या तोंडात होती. एवढं म्हणायचं होतं, की मी खोटं बोललो.

मावशीनं कमरेची पिशवी सोडली. तळहातावर भंडारा घेतला आणि लेकापुढं धरला. "उचल. उचल आन् खरं काय त्ये सांग. मी काय म्हननार न्हाई तुला. वाट तेवढी सुटंल, अंब्या."

अंबाजीनं आईकडं बघितलं, मॅडमकडं बघितलं. एक हात पुढं आला. मला वाटलं, उचलतोय. हात मधेच वळला आणि गळ्यातलं ओळखपत्र सरळ करून परत गेला.

"मॅडम," तो म्हणाला, "मी कंपनीचा माणूस हाय. असं काय आमाला डायरेक्ट उचलता येत न्हाई. मी आधी मेल टाकतो. परवानगी आली की उचलतो."

स्वतःच्या आईसमोर, कुलदैवताच्या भंडाऱ्याला परवानगी! त्या पोरीनं, त्या मॅडमनं, शरमेनं मान खाली घातली. राघोबाअप्पा थुंकले. मला तर त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. पण कानाखाली द्यायलाही समोर माणूस लागतो.

मावशी ओरडली नाही, रडली नाही. हातातला भंडारा तिनं चिमटीत घेतला, टाचा उंचावून लेकाच्या कपाळभर फासला, आणि साहेबानं म्हटलं होतं तसंच म्हणाली, "वेलकम." मग मेंढरं वळवून चालायला लागली.

गेट आजही बंद आहे. मॅडमनी वर काय कळवलं ते वरच राहिलं. मेंढरं मावशीनं भालकीकडच्या भावाच्या कळपात सोडली. सोडायला गेली त्या दिवशी मी बरोबर होतो, ती एकेकाला नाव घेऊन हात लावत होती. कंपनी वाढतेच आहे. बोर्ड पुन्हा बदललाय, अंबाजी पेढे घेऊन आला होता, मी घेतले नाहीत.

मागल्या रविवारी मावशीनं मला जेवायला बोलावलं. त्या घरात पूर्वीपासून सगळे आतच, चुलीजवळ गोल बसून जेवतात. मी, जगदेवी आणि मावशी बसलो होतो, भाकरी गरम होती. तेवढ्यात अंबाजी आला. मावशी लगबगीनं उठली. बाहेरच्या खोलीत खुर्ची टाकली, पुसली. पाण्याचा तांब्या दिला. "या, बसा," म्हणाली. बाहेरच ताट मांडलं, वर ठेवणीतली कपबशी. इतक्या वर्षांत त्याला जे जे गावाकडून हवं होतं ते सगळं तिनं घरात दिलं होतं, आणि जगदेवी हळूच म्हणाली की त्या दिवसापासून रोज असंच चाललंय.

अंबाजी खुर्चीवर बसला नाही. चुलीच्या खोलीच्या उंबऱ्यात येऊन उभा राहिला. जाकीट त्यानं काढून हातात धरलं होतं. "आई," तो म्हणाला, "मी बी आतच बसतो की."

"न्हाई न्हाई पाव्हणं, तुमी आत कामून?" मावशी भाकरी उलटत म्हणाली. "तुमी भाईरच बसा आरामात. आत घरची मानसं जेवायलेत."